धुऊन आणलेला पिक्चर

लेकीनं पुण्याहून डिस्क पाठवली. फोनवर म्हणाली, "आबा, पिक्चर तोच हाय, तुमचा पोहणाऱ्या बायांचा. पण एकेक चित्र धुऊन साफ केलंय. मूळचे रंग परत आणलेत."

"बरं झालं," मी म्हणालो. "एका माणसाला दाखवायचाय."

कुणाला, ते तिनं विचारलं नाही. आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तो माणूस म्हणजे आमच्या गावच्या सोसायटीचा जुना चेअरमन.

तरुणपणी मी बैलांचा व्यापारी होतो. बापानं मागं काही ठेवलं नव्हतं. नेकनूरच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदे करत मी वर आलो. तिथला कायदा साधा: बैलाचं दावं हातात पडलं की सौदा मोडत नाही. मग दुष्काळ आला. चारा संपला आणि बाजारात नुसते विकणारेच उरले. मी बैल सोडून व्हिडिओ आणला. सोसायटीचं खताचं गोदाम रिकामं पडलं होतं, ते चेअरमनकडून भाड्यानं घेतलं.

बीडच्या दुकानात ही इंग्रजी कॅसेट मिळाली. गाणी, हसवाहसवी आणि पोहणाऱ्या बाया. दुकानदाराकडं दोन होत्या. एक चांगली, डब्यावर चित्र असलेली. दुसरी कॉपीवरून काढलेली कॉपी. मी दुसरी उचलली, आणि तिच्यातही घासाघीस केली.

"रंग उडालेत हिचे," तो म्हणाला.

"रंग काय चाटायचेत का?" मी म्हणालो.

पिक्चर चालला. भाषा कुणालाच कळत नव्हती, पण कोट-टाय घातलेला जाडा माणूस धपकन तलावात पडला की पोत्यांवर बसलेलं सगळं गोदाम हसायचं. बाया एकीमागं एक रांगेनं उड्या घ्यायच्या, पाण्यात हात धरून फूल करायच्या. टँकरच्या रांगेत घागर ठेवून आलेली एक म्हातारी ओरडली, "पोरींनो, निघा आता भाईर, आमचा नंबर आलाय!"

एका खेळाला चेअरमन स्वतः आला. थोडा वेळ दारात उभा राहिला आणि पुढं होऊन वायर उपटली.

"बंद कर बे! उघड्या बाया दाखवायलास व्हय लेकीबाळींना? सोसायटीच्या जागेत?"

मी अंगावर धावून गेलो. "कपडे हायत त्यांच्या अंगावर! डोळे फुटले का तुमचे?"

लोकांनी आवरलं. गोदामाला कुलूप लागलं आणि माझं नाव पडलं 'नागवा व्यापारी'.

ते मी सोसलं असतं. पण माय टँकरवर गेली की बाया म्हणायच्या, "तू कावून रांगेत? तुझ्या लेकाच्या पिक्चरात लई पाणी हाय, तिथं जा की भरायला." सुरुवातीला ती हसून घ्यायची. मग तिनं टँकरवर जाणंच सोडलं. भर दुपारी, वाट रिकामी असताना, ती ओढ्यात उकरलेल्या झिऱ्यावर बसायची आणि पाझरेल तसं वाटीवाटीनं पाणी भरायची. पुढं मी मोसंबीची बाग लावली, घर बांधलं. माय ते बघायला राहिली नाही. तिचं ते वाटीनं पाणी भरणं मी चेअरमनच्या नावावर टाकून ठेवलं.

डिस्क आणि ती लावायचं यंत्र पिशवीत घालून मी त्याच्या घरी गेलो. यंदाही वाटेत टँकर उभे होते. सोसायटी केव्हाच त्याच्या हातून गेलीय. पूर्वी त्याच्या बैठकीबाहेर पाय ठेवायला जागा नसायची. त्या दिवशी तिथं एकही चप्पल नव्हती.

"या व्यापारी! आज कशी वाट चुकलात?"

"तुमचे डोळे तपासायला आलोय."

"तपासा की. औंदाच मोतीबिंदू काढलाय."

मी बसलो नाही. म्हणालो, "हा तोच पिक्चर हाय. बायांच्या अंगावर कपडे दिसले, तर तुमी म्हणायचं, माझं चुकलं. तुमच्या सुनेसमोर."

"चुकलं माझं," तो लगेच म्हणाला. "सूनबाई, ऐकलं का? माझं चुकलं. आन् स्वयंपाकाला लागा, व्यापारी जेवूनच जातील."

पहिल्याच बोलीला जो हो म्हणतो, त्याच्या घरात काहीतरी संपलेलं असतं, एवढं बाजारानं मला शिकवलंय. इतकी वर्षं घोटून ठेवलेलं भांडण त्यानं मला भांडूसुद्धा दिलं नाही. तरी मी डिस्क लावली.

पाणी निळं होतं. आमच्या कॅसेटमध्ये ते राखाडी दिसायचं. मग बाया रांगेनं आल्या. त्यांच्या अंगावर फिकट केशरी पोशाख होते, काठाला पांढरी किनार. तो केशरी रंग मी दुकानातल्या त्या चांगल्या कॅसेटच्या डब्यावर पाहिला होता, म्हणून गोदामातही मला तो दिसत राहिला. पडद्यावर तो नव्हताच. उडून उडून गव्हाळ झाला होता आणि अंगाच्या रंगात मिसळून गेला होता. दारातून आत आलेल्या माणसाला त्या बाया उघड्याच दिसल्या असणार.

"कपडे तर हायत की हो," चेअरमन पुढं वाकून म्हणाला. "चांगले अंगभर हायत. मग तवा मला कावून दिसले न्हाईत? डोळे तवापासूनच गेलते म्हणायचे."

मी गप्प राहिलो असतो तर तो तेच धरून बसला असता.

"डोळ्यांचं काही न्हवतं," मी म्हणालो. "कॅसेट भिकार होती. चांगली सोडून मी तीच आणली. तुमाला जे दिसलं ते बरोबर दिसलं. आता चुकलं म्हणालात, ते परत घ्या."

त्यानं पडद्यावरची नजर काढली नाही. "दावं हातात दिल्यावर माघारी घेत असतेत व्हय? मला शिकवता का व्यापारी? बसा खाली."

मी बसलो. तेवढ्यात तो कोटवाला जाडा पाण्यात पडला. चेअरमन खोकला येईपर्यंत हसला. सून पिठाच्या हातानं दारात येऊन हसली. मला मायची वाटी दिसत होती. ती आता कुणाच्या नावावर टाकायची हे मला कळलं होतं, आणि चेअरमन माझा गुडघा दाबून म्हणत होता, "हसा की हो, तुमचाच पिक्चर हाय."