कांद्याचा वाफा
कांद्याच्या ओल्या पातीचा वास आला की राहात्याजवळचं ते वावर आठवतं. मी विमान उडवायला शिकत होते, तेव्हा शिकाऊ विमानाचं इंजिन हवेतच बंद पडलं आणि शिकवणाऱ्या सरांनी ते शेजारच्या मोकळ्या रानात कसंबसं उतरवलं. आम्हा दोघांनाही खरचटलंसुद्धा नाही. सर फोनवर बोलत राहिले. मी बांध ओलांडून गेले आणि कांदे काढणाऱ्या बायांच्या ओळीत बसून कांदे उपटायला लागले. "पोरी, आधी पानी पी. लई भ्यालीस तू," शेजारची बाई म्हणाली. भीती वाटत नव्हती. काहीच वाटत नव्हतं. न्यायला गाडी आली, सरांनी हाक मारली, तर मी म्हणाले, "एवढा वाफा होऊ द्या." त्यानंतर विमान कधी उडवलं नाही, त्याचं काही वाटत नाही. तो वाफा तेवढा अर्धा राहिला.