वाक्यात उपयोग करा

मॅट्रिकला इंग्रजीत मला चांगले मार्क मिळाले होते, आणि कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात कळलं की मला इंग्रजी येत नाही. हा माझ्या आयुष्यातला पहिला मोठा धक्का. त्यानंतर आणखी बसले, पण पहिल्याची तयारीच नव्हती.

माझं गाव पिंपळनेरच्या पलीकडे. घरची शेती. कॉलेजसाठी मला धुळ्याला, देवपुरात राहणाऱ्या आत्याकडे ठेवलं होतं. इंग्रजीच्या मॅडम पुण्याहून नव्यानेच आलेल्या. त्यांनी वर्गात एकेकीला उभं केलं आणि सांगितलं, आज सकाळपासून ज्या ज्या वस्तूंना हात लावलात त्यांची इंग्रजी नावं सांगा. मला राजा येत होता, सिंहासन येत होतं, रथ, जहाज, वादळ, पराक्रम सगळं येत होतं. पण सकाळी मी हात लावला होता तो खराट्याला, घमेल्याला, बंबातल्या राखेला, दाराच्या कडीला. शाळेत शिकलेल्या एकाही वस्तूला मी जन्मात हात लावलेला नव्हता. मी बराच वेळ उभी राहिले आणि शेवटी 'बकेट' म्हणून खाली बसले.

मला इतका संताप आला होता की काय सांगू. आठवीपासून घसा फोडून पाठांतर केलं, ते कुणासाठी? सिंहासनावर तर बसायचं नव्हतं मला. त्या दिवसापासून मी घरातली एकेक वस्तू धरून तिचं इंग्रजी नाव शोधू लागले. लाटणं, चाळण, फडताळ, उंबरठा. आत्याच्या घरात नाव न शोधलेली वस्तू राहिली नाही.

वस्तू एक वेळ परवडल्या, पण मग मॅडमनी जोडक्रियापदं काढली. गिव्ह म्हणजे देणे, हे मला येत होतं. अप म्हणजे वर, हेही येत होतं. गिव्ह अप म्हणजे सोडून देणे! ओळखीची दोन माणसं जत्रेत एकत्र भेटावीत आणि दोघांनी मिळून आपल्याला ओळख देऊ नये, तसं झालं. टर्न म्हणजे वळणे, डाउन म्हणजे खाली, आणि टर्न डाउन म्हणजे नकार देणे. मी मॅडमना विचारलं, यात नकार आला कुठून? त्या हसून म्हणाल्या, "ते मलाही माहीत नाही. वापरून वापरून अंगवळणी पडतं."

वापरायचं कसं, तर वाक्यात उपयोग करून. सगळ्या मुलींनी गाईडमधली वाक्यं लिहून आणली. रामाने धूम्रपान सोडले, रामाने बैठक पुढे ढकलली. मॅडम म्हणाल्या, "हा राम कोण? तुमचा कोण लागतो?" आम्ही खाली माना घातल्या. मग त्यांनी नियमच करून टाकला. वाक्य स्वतःचं पाहिजे आणि खरं पाहिजे. खोटं वाक्य व्याकरणाने बरोबर असलं तरी त्या चूक द्यायच्या. हा नियम मला फार आवडला. आत्याच्या आधी मी गेट अप करते. पांझरा नदी एप्रिलमध्ये ड्राय अप होते. संध्याकाळी गच्चीवर येरझारा घालत मी अशी वाक्यं मोठ्याने म्हणायची. खालून आत्या ओरडायची, "कोनसंगे भांडी राहिनी व?"

भांडण नव्हतं ते. उलट पहिल्यांदाच मला असं वाटत होतं की मी कुणाशी तरी धड बोलते आहे. वर्ष संपत आलं तेव्हा मॅडम मला म्हणाल्या, तू इंग्रजी घेऊन बी.ए. कर, तुला जमेल. माझं ठरलं. मला त्यांच्यासारखं व्हायचं होतं, एवढंच, आणि त्याहून कमी काही नको होतं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला कॉलेजात घातलं ते पदवीसाठीच, अशी माझी पक्की समजूत होती.

परीक्षा संपली आणि आबा स्वतः न्यायला आले. घरी पोचले तर अंगण सारवलेलं, खाटेवर नवी चादर. माय म्हणाली, "पाव्हणा ई राहिनात. तयार व्हय." मी म्हटलं, कसले पाहुणे? मला तर जूनमध्ये परत जायचंय. आबांचे थोरले भाऊ, आमचे नाना, ओट्यावर पानाचं करत बसले होते. घरातला शेवटचा शब्द त्यांचा. ते सहज, अडकित्ता न थांबवता म्हणाले, "कॉलेजमा कसाले धाडं तुले? आसंच स्थळ येवाले पाहिजे म्हनीसन."

मी आबांकडे पाहिलं. ते बैल बांधायला निघून गेले. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, एकट्या मला सोडून. मॅट्रिक झालेल्या मुलीला शेतकरी मिळतो आणि कॉलेजला जाऊन आलेल्या मुलीला नोकरीवाला, असा हिशेब होता. मी वर्षभर गच्चीवर जे पाठ करत होते तो हळद-कुंकवासारखा लग्नाच्या सामानाचाच भाग होता. मला रडूही आलं नाही.

मंडळी आली. मुलगा जळगावच्या एका हायस्कुलात शिक्षक, आणि तोही इंग्रजीचा. स्वच्छ शर्ट, खिशाला पेन, मान खाली. मी डोक्यावर पदर घेऊन पाटावर बसले. नाव काय, भावंडं किती, मांडे येतात का, सुईत दोरा ओवून दाखव, चार पावलं चालून दाखव. हे सगळं मराठीत झालं. उत्तरंही बहुतेक नानांनीच दिली. मग मुलाचे वडील मुलाला म्हणाले, "अरे, तूही विचार काहीतरी. इंग्रजीत विचार, म्हणजे कळेल तरी."

मुलगा लाजला. काय विचारावं ते त्याला सुचेना. मग वर्गात विचारावं तसं तो म्हणाला, "गिव्ह अप. वाक्यात उपयोग करा."

त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख काहीतरी झालं. या अंगणात इंग्रजी कळणारी दोनच माणसं होती, तो आणि मी. नाना समोर, आबा बाजूला, दाराआड माय आणि गल्लीतल्या बायका. सगळ्यांच्या देखत, कुणाला न कळता, मला बोलता येणार होतं. मी मान वर केली.

"आय डू नॉट वॉन्ट टू गिव्ह अप माय कॉलेज." मला माझं कॉलेज सोडायचं नाही.

"करेक्ट," तो म्हणाला. "गो ऑन."

"प्लीज लेट मी गो ऑन विथ माय स्टडीज." मला पुढे शिकू द्या.

"करेक्ट. टर्न डाउन."

हे त्याने आपणहून विचारावं! मी एकेक शब्द सुटा सुटा म्हटला. "प्लीज टर्न मी डाउन." कृपा करून मला नकार द्या.

त्याने एकदम वर पाहिलं. आमची नजरानजर झाली. मग तो म्हणाला, "व्हेरी गुड."

नानांनी मांडीवर थाप मारली. "पोर ते भलती हुशार शे!" सगळं अंगण कौतुकाने हसलं. मी आत गेले तेव्हा मायच्या डोळ्यांत पाणी. "काय सांगं व तुनी त्यासले?" तिने विचारलं. मी म्हटलं, चांगलंच सांगितलं. आणि खरंच मला वाटत होतं की झालं काम. त्याने मला पाहिलं होतं, ऐकलं होतं, व्हेरी गुड म्हटलं होतं. शिकलेला माणूस आहे, समजून घेईल, काहीतरी निमित्त काढून नकार कळवेल. मला त्याच्याबद्दल इतका आदर वाटला की उरलेला शेव-चिवडा मी चुलीपाशी बसून पोटभर खाल्ला.

ऊन कलायच्या आत ओट्यावर सुपारी फुटली. मुलगी पसंत आहे, असं मुलाने स्वतः सांगितलं होतं. वर असंही म्हणाला म्हणे, की अशी मुलगी शोधूनही सापडणार नाही.

लग्नाबद्दल मी लिहीत नाही. मला त्यातलं फारसं आठवतही नाही. जळगावला आले आणि 'तो'चे 'हे' झाले. धक्का असा की माणूस वाईट नव्हता. आवाज चढवायचे नाहीत, स्वतःचं पाणी स्वतः घ्यायचे, मला ताप आला तर भात टाकायचे. त्यामुळे मला त्यांचा जास्तच राग यायचा. इतक्या भल्या माणसाने, एका मुलीने हात जोडून नकार मागितलेला असताना, तो ऐकून, समजून, तिच्या तोंडावर व्हेरी गुड म्हणून होकार दिला! उघड दुष्ट असते तर मला सोपं गेलं असतं. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं, आणि मग त्याच घरात भाकरी थापणं मला जमलं नसतं. गच्चीवर मोठ्याने बोलणारी मी त्या घरात अगदी मोजकं बोलायला लागले. हे समजायचे, स्वभावच शांत आहे.

काही वर्षं अशी गेली. मग आम्ही पुढे पडवी असलेलं घर घेतलं आणि यांनी पडवीत संध्याकाळच्या शिकवण्या सुरू केल्या. भिंतीला फळा लागला. पोरं-पोरी मांडी घालून बसायची. हे इंग्रजी वाक्य म्हणायचे, पोरं एका सुरात म्हणायची. मग हे मराठी अर्थ सांगायचे, पोरं तोही एका सुरात म्हणायची. दुसऱ्या शिकवणीला जाणारी पोरंही तसंच शिकायची. आत स्वयंपाक करताना मला तो आवाज पावसासारखा नुसता ऐकू येत राहायचा.

त्या दिवशी मी कळण्याची भाकरी थापत होते. भाकरी तव्यावर टाकली, आणि पडवीतून आवाज आला.

"प्लीज टर्न मी डाउन."

माझा हात तव्याला लागला. मला वाटलं भास झाला. पुन्हा सगळी पोरं एका सुरात, "प्लीज टर्न मी डाउन." मग यांचा आवाज, "कृपा करून मला नकार द्या." आणि पोरं, हेल काढून, "कृपा करून मला नकार द्या."

पिठाचे हात तसेच घेऊन मी पडवीत गेले. पोरं बसलेली असताना मी तिथे कधी जात नसे. फळ्यावर यांच्या सुंदर अक्षरात माझी तीन वाक्यं होती, एकाखाली एक, त्याच क्रमाने, शब्दाचाही फरक नाही.

"ही कुठली वाक्यं?" मी विचारलं.

यांना आनंदच झाला. "अगं, तुझीच. तुला बघायला आलो होतो तेव्हा तू केली होतीस, विसरलीस? गाईडमध्ये अशी वाक्यं मिळत नाहीत. शाळेत दर वर्षी हीच देतो मी."

दर वर्षी! म्हणजे जळगावातली कितीतरी पोरं माझी ती विनवणी पाठ करून परीक्षेला बसली होती. आणि या माणसाच्या चेहऱ्यावर कपट तर नव्हतंच, उलट अभिमान होता. इतकी वर्षं मी समजत होते की यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. यांनी ऐकलंच नव्हतं. एकेक शब्द कळला होता, स्पेलिंगसकट लक्षात होता, पण हे कुणीतरी कुणाला तरी सांगत आहे हे यांच्या मनातही आलं नव्हतं. वाक्यात उपयोग करा म्हटलं, मी केला, बरोबर आला. मी ज्याचा राग धरून बसले होते तसा माणूस त्या अंगणात आलेलाच नव्हता. हे कळल्यावर हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"ती उदाहरणं नव्हती," मी म्हणाले. "मी तुम्हाला सांगत होते."

हे हसले. मग हसू थांबलं. त्यांनी फळ्याकडे पाहिलं आणि तीन वाक्यं वरपासून खालपर्यंत वाचली, बहुधा पहिल्यांदाच. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला.

"मग मराठीत का नाही सांगितलंस?"

"मराठीत कुणी विचारलं होतं?" मी म्हणाले. "मराठीत सुईत दोरा ओवायला सांगितला होता."

पोरं आळीपाळीने आमच्या दोघांकडे बघत होती. हे उठले. तिसरं वाक्य त्यांनी तळहाताने पुसलं. वरची दोन तशीच ठेवली. हात खडूने पांढरा झालेला, तसेच माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "मराठीतच विचारतो. तुला काय हवंय?"

आणि मला बोलता येईना. इंग्रजीत तयार होतं, वर्षानुवर्षं तयार होतं. मराठीत ते वाक्य मी कधी कुणापुढे म्हटलंच नव्हतं. हातावरचं पीठ वाळून कातडी ओढली जात होती. शेवटी एवढंच निघालं.

"मला शिकायचंय."

पोरांना सवय. त्यांनी लगेच, सगळ्यांनी एका सुरात, हेल काढून म्हटलं, "मला शिकायचंय."

या वेळी हे करेक्ट म्हणाले नाहीत. नुसतं "बरं" म्हणाले.