मेल्विनचा चेहरा

"चेहऱ्याची नस वाचवता येणार नाही," सर्जन म्हणाली. "गाठ कॅन्सरची आहे आणि तिने नसेला वेढलंय."

माझा नवरा मेल्विन खुर्चीत पुढे सरकला. मग त्याने विचारलं, "म्हणजे मला हसता येणार नाही?"

"उजव्या बाजूने नाही. निदान बराच काळ नाही."

पुढचं मला ऐकूच आलं नाही. मेल्विन नट आहे. टोरोंटोत जन्मलेला, आईवडील वसईचे. शाळेत असताना जाहिरातीत चमकला, मग कॅनडाच्या टीव्हीवर कधी टॅक्सीवाला, कधी मरणारा पेशंट. पुढे एका पोलिसी मालिकेत कित्येक वर्षं हीरोच्या मागे उभा राहिला. लग्नानंतर माझ्यासाठी मेलबर्नला आला आणि इथे त्याला पहिल्यांदा मुख्य भूमिका मिळाली. शूटिंग नुकतंच सुरू झालं होतं.

सेटवर डायरेक्टरच म्हणाला होता, "मेट, तुझी उजवी भुवई हलत नाहीये." आम्ही ते हसण्यावारी नेलं. जीपी, म्हणजे आमचे फॅमिली डॉक्टर, म्हणाले, बेल्स पाल्सी असेल, म्हणजे नसेला सूज येऊन होणारा तात्पुरता लकवा. गोळ्या दिल्या. पण बेल्स पाल्सी एकदम येते आणि बहुतेकांची बरी होते. मेल्विनच्या चेहऱ्याची उजवी बाजू हळूहळू लुळी पडत गेली. तुमच्या घरी कुणाचं असं झालं तर थांबू नका, एमआरआय करायला सांगा. आम्ही थांबलो.

एमआरआयमध्ये पॅरोटिडमध्ये, म्हणजे कानापुढच्या लाळेच्या ग्रंथीत, गाठ दिसली. मग बायोप्सी, सुईने घेतलेला तुकडा. आणि मग ही खोली, ही सर्जन.

कार पार्कमध्ये मेल्विनने गाडीचा आरसा खाली ओढला आणि त्यात बघून हसला. पुन्हा हसला.

"काय करतोयस?"

"उरलंय तेवढं बघून घेतो."

मी गाडी सुरूच करू शकले नाही.

ऑपरेशन दिवसभर चाललं. गाठीबरोबर नस कापली आणि पायातली एक नस काढून तिथे जोडली. याला नर्व्ह ग्राफ्ट म्हणतात. तिच्यात जीव यायला वर्षही लागतं. त्याचा उजवा डोळा मिटत नव्हता. झोपताना पापणीवर टेप लावायची.

आमची सहा वर्षांची मुलगी एलिशा वॉर्डच्या दारातच थबकली. "इज डॅडा क्रॉस विथ मी?" तिने मला विचारलं. डॅडा आपल्यावर रागावलाय असं तिला वाटलं. मेल्विनने भिंतीकडे तोंड वळवलं.

त्याच आठवड्यात भूमिका दुसऱ्याला दिल्याचा फोन आला. मी भडकले. तो म्हणाला, "शूटिंग थांबत नाही गं." ओठ वाकडा, शब्द अर्धे.

टोरोंटोला आईशी बोलताना तो कॅमेरा बंद ठेवायचा. नेट खराब आहे म्हणायचा. एकदा त्या म्हणाल्या, "मेल्विन, टीव्हीवर तुला मेलेला बघितलंय मी. याहून वाईट काय असणार? लाव कॅमेरा."

त्याने लावला. त्यांनी चष्मा चढवून त्याला नीट न्याहाळलं. मग म्हणाल्या, "दाढी कर रे, बाळा."

त्या दिवशी मेल्विन ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसला. डाव्या बाजूने.

रेडिएशन झालं. चेहऱ्यावर जाळीचा मास्क घट्ट आवळून झोपवायचे. आता स्कॅन स्वच्छ आहेत. पुढचा येईपर्यंत धाकधूक असतेच. उजव्या ओठाचा कोपरा कधीतरी थरथरतो, तेवढंच.

गेल्या महिन्यात एका छोट्या फिल्ममध्ये त्याला काम मिळालं. विमानतळावर मुलाला घ्यायला आलेला बाप, एकच सीन. कॅमेरावाल्या मुलीने हळूच विचारलं, "डावीकडून घेऊ?"

"समोरून घे," मेल्विन म्हणाला.

शॉट झाल्यावर तो माझ्याकडे आला. "कसं झालं?"

मी त्याची कॉलर नीट केली. इतके महिने रोज मागत होते, देवा, याचा चेहरा पहिल्यासारखा होऊ दे. त्या दिवशी तसं काही मागावंसं वाटलं नाही. मनातल्या मनात आधी त्या सर्जनचे आभार मानले, मग देवाचे.

"छान झालं," मी म्हटलं. ते खरंच छान झालं होतं.