बुधवारचा चायरो

निएवेस ल्येरेनाच्या पर्समध्ये कायम अकरा-बारा घरांच्या किल्ल्या खुळखुळत असत. त्यांतली तिच्या स्वतःच्या घराची एकच, आणि तीच सगळ्यात कमी वापरली जाई.

आरेकिपा शहरात, नदीपलीकडच्या यानावारा वस्तीत, ती गेली सत्तावीस वर्षं घरं विकून आणि भाड्याने लावून देऊन पोट भरत होती. कोणत्या घराची कमान कोणत्या भूकंपात तडकली, कोणाच्या न्हाणीघरात ओल येते, कोणतं जोडपं वेगवेगळ्या खोल्यांत झोपतं म्हणून त्यांना एक खोली जास्तीची लागते, सगळं तिला तोंडपाठ. परक्यांच्या रिकाम्या घरात उभं राहून "इथे जेवणाचं टेबल छान बसेल बघा" असं ती दिवसातून चारदा म्हणे. तिच्या स्वतःच्या टेबलावर इस्त्रीचे कपडे पडलेले असत. आई सोळा वर्षं अंथरुणाला खिळलेली. लग्नाचं वय तिच्या उशापायथ्याशी बसून सरलं. आई गेली तेव्हा निएवेस बावन्न वर्षांची होती आणि तिला फक्त पातळ पेज आणि मऊ शिजवून घोटलेला भोपळा करता येत होता. तेही तिने सोडून दिलं.

दुपारी एकला ती सोराइदा बेगासोच्या खाणावळीत जेवायला जाई; सगळे तिला मानाने 'दोन्या', म्हणजे बाई, म्हणत. पाटी कधीच नव्हती. दारावर काठीला लाल फडकं बांधलं की आज चूल पेटली आहे असं समजायचं. आत पांढऱ्या दगडाची कमानीची खोली, धुराने काळवंडलेली, आणि दोन लांबच लांब टेबलं, दोन्ही बाजूंना बाकं. एकट्या माणसासाठी वेगळं टेबल ही गोष्टच तिथे नव्हती. येईल त्याने आधी बसलेल्याला ढुंगणाने ढकलायचं आणि जागा करून घ्यायची. मक्याची आंबवलेली चिचा एकाच मोठ्या पेल्यातून बाकभर फिरायची. निएवेसची जागा भिंतीकडच्या टोकाला, चुलीच्या जवळ. हिवाळ्यात तिथे पाठ शेकायची.

"आली दलालीण!" शेजारी बसणारा आबुन्दियो म्हणायचा. तो जुना शिंपी. डोळे गेले तशी सुई सुटली, जीभ मात्र धारदार राहिली. "आज कोणाला रस्त्यावर काढलंस?"

"तुमचाच नंबर आहे आज. सरका."

"सरकतो. पण जागेचं कमिशन पडेल."

रोज हेच. दोघांपैकी कोणी एक दिवस हे बोललं नसतं तर दुसऱ्याला घास गेला नसता.

या गावाची रीत अशी की प्रत्येक वाराचं सूप ठरलेलं. सोमवारी चाके, मंगळवारी चायरो, बुधवारी पेब्रे, गुरुवारी मेनुदितो, शुक्रवारी चुपे. आज काय आहे असं कोणी कधी विचारत नाही. उलट वारच सुपावरून सांगतात. "चायरोला ये, घर दाखवते," असं निएवेस गिऱ्हाइकाला म्हणे, आणि गल्लीतलं माणूस बरोबर मंगळवारी हजर होई.

मार्च महिन्यात एकदा जेवणं आटोपल्यावर सोराइदाने तिला थांबवून घेतलं. शहात्तर वर्षांची, बुटकी, दंडाने पैलवान असलेली बाई. वाटण वाटून वाटून तिचे दोन्ही खांदे पुढे आले होते.

"पोरी, हे घर विकून टाक."

निएवेसला वाटलं ती थट्टा करते आहे. "विकते की. आबुन्दियोंसकट विकू की वेगळे काढू?"

"खरंच सांगते. गुडघे गेले माझे. मारुहा ताक्नाला बोलावते आहे, तिच्याकडे जाईन. तुझ्याशिवाय कोणाला सांगू?"

मारुहा म्हणजे तिची ताक्ना शहरात राहणारी मुलगी. निएवेस "बघते" म्हणाली. बाहेर येऊन ती उन्हात उभी राहिली आणि आता कोणत्या घरी जायचं होतं हे तिला काही केल्या आठवेना.

पाहिलं तिने, पण अशा रीतीने पाहिलं की पाच महिने घर हललं नाही. घर विकण्याची सगळी कला काय सांगायचं नाही यात असते. या घराच्या बाबतीत निएवेस एकाएकी सत्यवचनी झाली. कमानीचा तडा ती गिऱ्हाइकाचं बोट धरून दाखवी. पावसाळ्यात पाणी कुठून शिरतं ते सांगे. चुलीच्या धुराचा वास भिंतीतून सात पिढ्या जायचा नाही हेही सांगे. लोक आभार मानून निघून जात. तिला रात्री झोप लागे, पण सकाळी सोराइदाच्या डोळ्याला डोळा देववत नसे.

"काय गं, कोणी फिरकत नाही?"

"मंदी आहे, दोन्या."

सोराइदा मान हलवी. तिच्या मागे उकळी फुटत असे.

ऑगस्टमध्ये लिमाहून एक जोडपं आलं. बाईचं नाव हिमेना, पांढरे बूट घालून धूळ तुडवणारी. निएवेसने तडा दाखवला, ती म्हणाली, "किती सुंदर." ओल दाखवली, ती म्हणाली, "जुनेपण आहे." धुराच्या वासाचं ऐकून तिने डोळे मिटले आणि तो नाकाने ओढून घेतला. तिला तिथे रेस्टॉरंट काढायचं होतं. "पण आधी आम्ही इथे जेवून बघणार."

निएवेसने त्यांना बुधवारी बोलावलं. पेब्रे सौम्य असतो, काबुली चणे आणि भात घातलेला, फिकट. लिमाच्या पोटाला झेपेल.

बुधवारी एक वाजता बाक भरलं. हिमेना आणि तिचा नवरा आबुन्दियोच्या पलीकडे दाटीवाटीने बसले. सोराइदाने वाडगे आणून ठेवले, आणि वाडग्यांत काळपट सूप होतं. सुकवलेल्या काळ्या बटाट्याचे तुकडे, वाळलेलं मटण, वर पुदिना. चायरो. कालचाच चायरो.

बाकावरचं बोलणं पाणी ओतल्यासारखं विझलं. सगळ्यांनी वाडग्यात पाहिलं, मग एकमेकांकडे न पाहता चमचे उचलले. स्वयंपाकीण बाईला तिच्या सुपावरून बोलायचं नाही, ही तिथली शिस्त. बापाची चूक चारचौघांत काढत नाहीत तशी.

निएवेसच्या मनात मात्र आनंदाची उकळी फुटली. मुद्दाम केलं हिने! गिऱ्हाईक पळावं म्हणून केलं. हिलाही विकायचं नाही, जायचं नाही. आपण दोघी एकाच बाजूला आहोत, फक्त बोललो नाही इतकंच. पाच महिन्यांनी तिला पहिल्यांदा सुपाची चव लागली.

"आज बुधवार ना?" हिमेना म्हणाली. "मी वाचलं होतं की बुधवारी—"

सोराइदा चुलीपाशी थांबली. हातात पळी. तिचा चेहरा निएवेसला टोकाच्या जागेवरून स्पष्ट दिसला, आणि त्यात लबाडीचा मागमूस नव्हता. घराचं दार चुकलेल्या माणसासारखा चेहरा होता तो.

"मी सांगितलं होतं करायला," निएवेस पटकन म्हणाली. "तुमच्यासाठी खास. दोन्यांचा चायरो खाल्ल्याशिवाय घर घ्यायचं म्हणजे नवरी न बघता लग्न ठरवायचं."

"हो हो," आबुन्दियो वाडग्यातून डोकं वर न काढता म्हणाला. "ही फार हट्टी आहे. आम्हाला दोन दिवस तेच खायला लावते."

बाक हसलं. हिमेनाने दुसरा वाडगा मागितला.

जेवणं झाल्यावर निएवेस मागच्या स्वयंपाकघरात गेली. सत्तावीस वर्षांत ती तिथे फारशी शिरली नव्हती. पाट्यामागच्या भिंतीवर, बाहेरून दिसणार नाही असा, एक पुठ्ठा टांगलेला होता. मारुहाच्या गोल अक्षरात सात ओळी: वार आणि त्यापुढे सूप. मंगळवारच्या ओळीला कपडे वाळत घालायचा एक लाल चिमटा लावलेला होता.

"चिमटा हलवायचा राहिला," सोराइदा मागून म्हणाली. ती पायरीवर बसली. पायाशी घुटमळणाऱ्या गिनीपिगांना तिने हिरवा पाला टाकला. "नाताळात मारुहाने लावून दिला. रोज उठल्याबरोबर हलवायचा. हलवला की नाही हेच कधीकधी आठवत नाही गं."

"आणि गुडघे?"

"गुडघ्यांना काय धाड भरली आहे!"

निएवेस उभीच राहिली. तिने पुन्हा पुठ्ठ्यावरच्या चिमट्याकडे पाहिलं.

"तेरा वर्षांची होते, आई गेली त्या दिवशीही मी बरोबर सूप केलं होतं," सोराइदा म्हणाली. "आपण काय विकतो आहोत ते मला कळतंय, तोवर विकून टाक, पोरी. उद्या सही करायला बसले आणि नोटरीने विचारलं ही बाई शुद्धीवर आहे का, तर? मग घर राहील तसंच, आणि मी मारुहाच्या गळ्यात फुकटची. मंदी आहे म्हणतेस. खरंच आहे का मंदी?"

निएवेसने पाला उचलला आणि उगाचच गिनीपिगांना टाकत राहिली.

"नाही," ती म्हणाली.

सोराइदाने हात टेकत उठून चिमटा बुधवारच्या ओळीला लावला.

त्यानंतर निएवेसने आठ दिवसांत जे केलं ते एरवी दोन महिन्यांचं काम होतं. कागद, दाखले, नकाशे. रोज पहाटे ती खाणावळीचं दार वाजवी आणि आत जाऊन आधी चिमटा बघे. सही गुरुवारी दहाला ठरली. त्या दिवशी खाणावळ बंदच राहणार होती, तरी निएवेसने सहाला येऊन सांगितलं, "दोन्या, चूल पेटवा. मेनुदितो करा."

"कोणासाठी? आज बाक रिकामं."

"माझ्यासाठी करा."

म्हाताऱ्या बाईने कोंबडीची काळीज-पेटी साफ केली, कांदा परतला, ओरेगानो हातावर चोळून टाकला. निएवेस आपल्या जागेवर बसून बघत राहिली. दोघींनी एकेक वाडगा घेतला. एवढ्या लांब टेबलाच्या एका टोकाला दोघीच.

नोटरी पन्नाशीचा होता, सोनेरी चष्म्याचा. वय पाहून त्याने कागद बाजूला सारले. "सेन्योरा, राग मानू नका, विचारावं लागतं. तुम्ही काय करायला आला आहात?"

"घर विकायला. आजीने आईला दिलं, आईने मला. आता या पांढऱ्या बुटांच्या बाईला. नाव लक्षात राहत नाही, पण बूट राहतात."

हिमेना हसली. नोटरीही हसला. "आणि आज वार कोणता?"

सोराइदा टेबलाकडे पाहत राहिली, मग खिडकीकडे. निएवेसला वाटलं, बोलू नये. बोललं तर सगळंच फिसकटेल. आणि त्याच क्षणी, स्वतःला कळायच्या आत, तिच्या मनात येऊन गेलं: न आठवो. न आठवो हिला. उद्या पुन्हा लाल फडकं लागेल.

सोराइदाने हात नाकाशी नेला. तळहात हुंगला, मग बोटं.

"आज मेनुदितो," ती म्हणाली.

नोटरीने चष्मा काढला. "माझी आईही गुरुवारीच करायची," तो म्हणाला आणि त्याने कागद पुढे ओढले.

सोराइदाने सही केली, मोठी, प्रत्येक अक्षर वेगळं. मग पेन निएवेसकडे दिलं, साक्षीदार म्हणून. निएवेसने कागद न वाचताच सही केली.

बाहेर पायऱ्यांवर सोराइदा म्हणाली, "मला वाटलं, तू सांगशील वार."

"तुम्हाला येत होता की."

"हो, पण मला वाटलं," ती म्हणाली, आणि निएवेसच्या दंडाला धरून पायऱ्या उतरली.

पुढच्या रविवारी मारुहा येऊन तिला घेऊन गेली. गिनीपिग आबुन्दियोच्या सुनेने नेले. निएवेसने पुठ्ठा भिंतीवरून काढून सोराइदाच्या पिशवीत चिमट्यासकट घातला.

नोव्हेंबरात रेस्टॉरंट सुरू झालं. भिंती घासून पांढऱ्या केल्या होत्या. निएवेस शुक्रवारी एक वाजता गेली. हिमेनाने आग्रहाने बोलावलं होतं. बाकं नव्हती. दोन-दोन माणसांची छोटी टेबलं होती, मध्ये मोकळी जागा, कोणाचा कोपर कोणाला लागू नये अशी. आबुन्दियो आला नव्हता. त्याला जिना नसलेल्या घरातसुद्धा आता दम लागतो, असं त्याची सून म्हणाली होती.

"किती जण?" दारातल्या मुलीने विचारलं.

"एकटीच."

मुलीने तिला खिडकीशी बसवलं, समोरच्या जागेवरचा काटा-चमचा आणि पेला गोळा करून घेऊन गेली. चूल होती तिथे आता फुलदाणी होती. यादीत चायरो होता. रोज मिळतो, मुलगी म्हणाली. लोकांना तोच आवडतो. निएवेसने तोच मागवला.

फोन वाजला. ताक्नाहून रोज याच सुमाराला वाजत असे. मारुहा नंबर लावून आईच्या हातात देई.

"पोरी, जेवलीस?"

"बसलेच आहे."

"आज काय गं?"

निएवेसने समोरच्या काळ्या सुपाकडे पाहिलं. "आज शुक्रवार, दोन्या. चुपे आहे."

"बरा झालाय?"

"मीठ किंचित कमी."

"मग मिरची घाल वरून. गर्दी आहे?"

"खूप."

"तुझी जागा धरून ठेव हो. तो आबुन्दियो पसरतो."

"धरली आहे," निएवेस म्हणाली, आणि पर्स उचलून समोरच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली.