बंगल्याचा बहिरा पंखेवाला

"मला कुठं ऐकू येतं, बाबा?"

कादरभाईंचं हे वाक्य आमच्या कनेरगावात लहानथोरांना पाठ होतं. सरकारी बंगल्यात काय शिजतंय, असं कुणी विचारलं की ते कानामागे तळहात धरत, डोळे बारीक करत आणि एवढंच म्हणत. माणसं पोट धरून हसत, कारण लिंबावरच्या पाखरानं पंख हलवला तरी तो कादरभाईंना ऐकू येतो, हे गावाला माहीत होतं.

बहिरे ते फक्त बंगल्यात होते. गाव निजामाच्या हद्दीवर, नाक्यापलीकडे इंग्रजांचं वऱ्हाड, म्हणून निजामाचे मोठमोठे हाकीम इथं मुक्कामाला उतरत आणि राज्यकारभाराचं बोलत. बोलणं बाहेर फुटू नये म्हणून पंखा ओढायला बहिरा माणूस हवा होता. कादरभाई गेले. बंगल्याच्या पेशकारानं, म्हणजे कारकुनानं, त्यांच्या पाठीमागे पितळी ताट आपटलं. ते जागचे हलले नाहीत. नोकरी लागली, त्याला अकरा वर्षं झाली. व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायचं, दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची, पाय हलवत राहायचं; आत छताचा लांब पंखा झुलत राहायचा. सुट्टीच्या दिवशी आपलं तीन एकर कोरडवाहू रान होतंच.

दुसऱ्या महायुद्धाच्या सालांतला तो वैशाख. हैदराबादेहून एक वजीरसाहेब आले. जिल्ह्याचे तालुकदार आणि पेशकार समोर बसले. शहरांना धान्य कमी पडत होतं. खेड्यांतून लेव्ही, म्हणजे सक्तीचं धान्य, कशी घ्यायची, यावर उर्दूत खल चालला. "माणूस उपाशी ठेवून धान्य न्यायचं नाही," वजीर म्हणाले. "सुगीपर्यंत खायला लागेल तेवढं घरात सोडा." बाहेर कादरभाई खूश झाले. पंखा जोरात हलू लागला.

मग तालुकदार म्हणाले, "हुजूर, लोक लबाड आहेत. सरकारनं नेऊ नये म्हणून ज्वारीत राख कालवून मडकी लिंपून ठेवतात. ती सगळी जप्त करावी."

वजीर शहरात वाढलेले. "लिहा," ते म्हणाले.

पंखा थांबला.

कादरभाईंच्या घरात तशी दोन मडकी होती. ती गेली तर येत्या पेरणीला तिफणीत काय टाकायचं? आणि तोंड उघडलं तर अकरा वर्षांची नोकरी जाणार.

"ए, खेच!" पेशकार ओरडला. मग हा बहिरा, हे आठवून हातवारे करू लागला. कादरभाई उठून दारात उभे राहिले.

"हुजूर, ती लबाडी न्हाई. ते बियाणं हाय."

पेशकाराच्या हातातला टाक गळून पडला. "म्हणजे तुला ऐकू येतं?"

"आजच आलं, साहेब. इतक्या मोठ्यानं आमचं बियाणं नेऊन राहिले, मढं बी उठून बसंल."

"पुरावा?" वजिरांनी विचारलं.

"कोन्या बी घरी चला, हुजूर. माझं तेवढं सोडून."

वजीर खरंच उठले. मागून सगळे गावाशेजारच्या बंजारा तांड्यावर गेले. पहिलंच घर जमनाबाईचं. कोपऱ्यात शेणमातीनं तोंड लिंपलेलं मडकं होतं. पारखायला म्हणून वजिरांनी त्यातली पायलीभर ज्वारी मागितली.

"ती न्हाई भेटायची," जमनाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "त्याचं तोंड तिफण निघंल त्या दिवशी उघडंल. मागल्या साली जावई आला, घरात दाना नव्हता. म्या शेजारून पीठ आणलं, पर याला हात लावला न्हाई. तुमाला काहून देऊ? तुमी काय जावयाहून मोठे हाव?"

"पण राख काहून घालता?" वजिरांनी तिचाच शब्द तिला परत केला.

"किडा लागंल ना, भोळ्या! एवढं बी ठावं न्हाई, अन् तुला साहेब कोनं केलं?"

तालुकदारांनी डोळे मिटले. वजीर मात्र इतके हसले की टोपी काढून हातात घ्यावी लागली. जमनाबाईनं खायच्या ज्वारीची गरम भाकर आणि मिरचीचा ठेचा पुढं केला. "खायचं हे हाय. पोटभर खा." ते बाजेवर बसून जेवले, डोळ्यांतून पाणी काढत जेवले. परत येऊन त्यांनी आपल्या हातानं लिहिलं: राखेतली ज्वारी म्हणजे बियाणं, तिला कुणी हात लावू नये.

राहिला कादरभाईंचा निकाल. ऐकणारा पंखेवाला ठेवता येत नाही, असं पेशकार म्हणाला, आणि ते बरोबर होतं. कादरभाईंनी वाद घातला नाही. अंगठ्याची दोरी सोडली, पेशकाराच्या हातात दिली, पंचा खांद्यावर टाकला आणि निघाले.

"कादरमियाँ!" वजीर पायरीवरून हाका मारू लागले. "थांबा! उद्या कापसाचं बोलायचं आहे, तुम्ही हवे आहात!"

कादरभाईंनी वळून कानामागे तळहात धरला, ऐकू येत नाही अशी मान हलवली, आणि रानाकडे चालू लागले. बाभळींच्या वळणाआड पंचा दिसेनासा होईपर्यंत वजीर हसत पाहत होते. पेशकारही पाहत होता, हातात दोरी धरून.