पबआधीचं मोजमाप

नेरिस प्रॉसरला भौतिकशास्त्रात पीएच.डी. करायची होती, आणि तीही प्राध्यापक ह्यू लेदमच्याच हाताखाली. वेल्समधल्या मर्थर गावात बस चालवणाऱ्या बापाची ही लेक, घराण्यात विद्यापीठाची पायरी चढलेली पहिलीच. लेदमकडे जागा एकच होती आणि पहिल्या वर्गाशिवाय ती मिळणार नव्हती. सगळी भिस्त शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पावर होती.

प्रकल्प जोडीनं करायचा, अहवाल ज्याचा त्यानं लिहायचा. जोडीला डंकन रॅडफर्ड आला, गोडबोल्या, पण कामाला वाईट नाही. एक सिरॅमिक थंड केलं की त्यातून वीज विनाअडथळा वाहू लागते. दाब वाढवला की हे कोणत्या तापमानाला घडतं, ते मोजायचं होतं. यंत्र त्यांना शुक्रवारी दुपारी मिळायचं, आणि शुक्रवारी चारला लेदमचा अख्खा गट पबमध्ये जायचा. न येणारा तुसडा ठरायचा. मग हे दोघं भराभर थंड करायचे, आकडे टिपायचे आणि कोट चढवायचे. दाब वाढेल तसं तापमान घसरतं, असा देखणा आलेख निघाला. लेदमनं तो परिषदेत दाखवूनही टाकला.

मार्चमध्ये नेरिसला सर्दी झाली म्हणून ती पबला गेली नाही. एकेका दाबाला यंत्र सावकाश गरम होऊ देत ती आकडे घेत बसली. घसरण गायब! तापमापक नमुन्यापासून लांब चिकटवलेला होता. घाईत तापमापक आधी थंड व्हायचा, नमुना मागे राहायचा. जास्त दाबाला नमुन्याभोवतीची पकड जाड लावायची, ती थंड व्हायला वेळ घ्यायची, म्हणजे नमुना आणखी मागे. वर्षभर त्यांनी आपली घाईच मोजली होती.

"डंकन, आपला आलेख खोटा आहे."

"खोटा काय, जरा ढिला असेल! ए बाई, पुढच्या आठवड्यात अहवाल द्यायचाय. आत्ता हे खूळ नको."

"पण कळल्यावर तसं लिहू कसं?"

"मी लिहिणार. तुला हुतात्मा व्हायचंय तर हो बापडी."

लेदमनं ऐकून घेतलं. "एकदाच मोजलंस ना? एकदा काय, काहीही दिसतं," म्हणाला, आणि पुन्हा यंत्र दिलं नाही. नेरिसनं खरं तेच लिहिलं.

तोंडी परीक्षेत लेदमच समोर होता. "मग वर्षभर कसं लक्षात आलं नाही तुमच्या?" त्यानं हसत विचारलं. 'ह्यू, चार वाजता दारात उभे राहून हाका तुम्हीच मारायचात,' हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याचा तिला आजही संताप येतो.

डंकनला पहिला वर्ग आणि ती जागा मिळाली. नेरिसला दुसरा, तोही त्यातल्या खालच्या श्रेणीचा. "पास झालीस ना पोरी, बास की!" म्हणत बापानं डेपोत केक वाटला. नेरिस कार्डिफला एका विमा कंपनीत लागली.

नोव्हेंबरात डंकनचा निरोप आला: "ह्यूनं मला सगळं पुन्हा सावकाश गरम करून मोजायला सांगितलंय. तू नेमकं कसं केलं होतंस गं?"

तिनं त्याला चार शिव्या लिहिल्या आणि खोडल्या. मग तापमापक कुठे चिकटवायचा, किती सावकाश जायचं, कुठे चूक होते, सगळं नीट लिहून पाठवलं. चुकीचं मोजमाप तिला सोसवत नव्हतं, मग ते डंकनचं का असेना.

उत्तरात नुसता अंगठा आला.