काकूंच्या नावाचं कार्ड

आमच्या लाइनमध्ये किस्से जमवावे लागत नाहीत, माळ्यावरच्या सामानासारखे आपोआप साठत जातात. पण घरी सांगायची सोय नाही. मी रंगात येऊन काहीतरी सांगते आणि शेवटी नवरा विचारतो, "मग बरे झाले का ते?" झालं! किश्शाची पार वाट लागली! म्हणून वर्ग सुटला की मी आणि वीणा नाक्यावर कटिंग चहा घेतो आणि एकमेकींनाच सांगतो. आम्ही दोघी तो प्रश्न विचारत नाही.

आमचा वर्ग मुलुंडला, एका सोसायटीच्या पहिल्या मजल्यावरच्या ऑफिसात, दर शनिवारी. विद्यार्थी सगळे साठीच्या पुढचे. अर्धांगाचा झटका येऊन ज्यांची वाचा गेली अशी माणसं. त्यांना सगळं कळतं हो! शब्द आत असतो, बाहेर येत नाही. मी स्पीच थेरपिस्ट. वीणा बालवाडीच्या रिटायर्ड बाई, चित्रं काढण्यात हुशार. कार्ड दाखवायचं आणि त्यावर जे आहे त्याचं नाव म्हणवून घ्यायचं, हे आमचं काम.

* * *

सुरुवातीला कार्डं आयती मिळाली होती. कुणीतरी परदेशातून आणून दिलेला गुळगुळीत डबा. त्यात खारूताई ठीक होती, पण स्नोमॅन? भांडुपच्या माणसाला?

एकदा बर्फाच्या घराचं कार्ड निघालं. इग्लू. पांढरं, अर्धगोल. समोर घाटकोपरचे कांबळे साहेब, बँकेतले निवृत्त ऑफिसर, तीन आठवडे तोंडातून अक्षर नाही. त्यांनी कार्ड जवळ घेतलं, लांब धरलं, आणि स्वच्छ म्हणाले, "इडली!"

मी आणि वीणानं टाळ्या वाजवल्या. वीणानं तर वहीत बरोबरची खूणसुद्धा केली. मी म्हटलं, "अगं, चुकलंय ते." ती म्हणाली, "माणूस बरोबर आहे, कार्ड चुकलंय!"

त्याच दिवशी तो डबा कपाटावर गेला.

* * *

मग आम्ही ठरवलं, प्रत्येकासाठी त्याची त्याची कार्डं करायची. घरच्यांना पहिल्या दिवशी एकच प्रश्न: पहिला शब्द कुठला यायला हवा? कुणी म्हणायचं पाणी, कुणी नातवाचं नाव. एका सूनबाईंनी सांगितलं, "बाथरूम, मॅडम. बाकी सगळं नंतर."

गावडे काका आले तेव्हाही हाच प्रश्न विचारला. काका मालवणकडचे, भांडुपला चाळीत राहणारे, जन्मभर बसवर कंडक्टर. धिप्पाड माणूस. उजवा हात गेलेला, बोलणं गेलेलं. शेजारी गावडे काकू, बारीक चणीच्या, पदर घट्ट धरून.

"काकू, पहिला शब्द कुठला?"

काकू खाली बघायला लागल्या. "कायपण चालात," म्हणाल्या.

"असं कसं कायपण? सांगा ना!"

नाहीच सांगितलं. लाजल्या. वीणानं मला कोपरानं ढोसलं. म्हणाली, "त्या स्वतः कशा सांगतील गं? बायकोला काय ऐकायचं असणार? स्वतःचं नाव!" वीणाचा नवरा दिवसभर घरात वीणा, वीणा करत फिरतो, त्यामुळे तिला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. "नाव काय काकू तुमचं?"

"सुनंदा."

वीणानं तिथंच मोबाइलवर फोटो काढला. पुढच्या शनिवारी कार्ड तयार. काकूंचा मोठा फोटो, खाली ठसठशीत अक्षरात "सुनंदा". काकांचा पहिला शब्द ठरला. काकूंनी ते कार्ड बराच वेळ बघितलं.

* * *

खाडीकडच्या कोळीवाड्यातून एक आजी यायच्या. त्यांना फळं दाखवा, भांडी दाखवा, ढिम्म. वीणा म्हणाली, यांना मासळीच दाखवली पाहिजे. संध्याकाळी मुद्दाम बाजारात गेली आणि पापलेटाचा झकास फोटो काढून आणला. रंगीत प्रिंट, लॅमिनेशन, सगळं.

आजींनी कार्ड हातात घेतलं. बघितलं. नाक मुरडलं. आणि टेबलावर आपटून म्हणाल्या, "शिलं!"

तीन महिन्यांतला पहिला शब्द! आजींची मुलगी हसता हसता रडायला लागली. वीणा मात्र रुसली. "एवढी मेहनत केली, आणि शिळं?"

नंतर मुलीची शिफ्ट बदलली. आजींना आणणारं कुणी उरलं नाही. वीणानं सकाळी लवकर उठून ताज्या बोंबलाचे आणि सुरमईचे फोटो काढून ठेवले होते. ते तसेच राहिले. वाईट वाटतं.

* * *

कांबळे वहिनींचं वेगळंच. साहेबांच्या शेजारी खुर्ची टाकून बसायच्या.

मी कार्ड दाखवून विचारायची, "साहेब, हे काय?"

वहिनी: "छत्री."

"वहिनी, त्यांनी सांगायचंय."

"हो हो, तेच सांगतायत. छत्री."

"रंग कुठला, साहेब?"

"काळा," वहिनी म्हणाल्या. "त्यांना रंगीत छत्री आवडत नाही!"

मी तशी तापट आहे. त्या दिवसापासून नियम केला, घरच्यांनी बाहेर बसायचं. ऑफिसला लाकडी पार्टिशन आहे, पलीकडे बाकडं. तिथून ऐकू येतं सगळं, पण मधे तोंड घालता येत नाही. वहिनी फुगल्या. गावडे काकू मात्र लगेच उठल्या आणि बाकड्यावर जाऊन बसल्या. पुढे वर्षभर तीच त्यांची जागा.

* * *

कांबळे साहेबांचंच पुढचं. त्यांना "हो" यायला लागलं. पण फक्त "हो"! चहा? हो. नको? हो. दुखतंय? हो. बरं वाटतंय? हो. म्हणून वीणानं त्यांना लाल रंगाचं "नाही" लिहिलेलं कार्ड करून दिलं. बोलता येत नसेल तर दाखवा.

आठवड्यात वहिनींचा फोन. "मॅडम, ते कार्ड परत घ्या! भाजी नाही, औषध नाही, टीव्हीवरची माझी मालिका नाही! अहो, आमच्या घरात नाही म्हणायचं खातं माझ्याकडे होतं!"

आम्ही चहाच्या टपरीवर पोट धरून हसलो.

दोन महिन्यांनी मुलानं घाटकोपरचं घर बंद करून दोघांना दहिसरला आपल्याकडे हलवायचं ठरवलं. साहेबांनी कार्ड दाखवलं. पुन्हा दाखवलं. मुलगा हसला, म्हणाला, "पप्पांचा तो खेळच आहे." आणि टेम्पो बोलावला. वहिनींनीच हे मला सांगितलं, आणि सांगताना त्या रडल्या. मला त्या मुलाचा अजून राग येतो. आम्ही साहेबांना कार्ड दिलं खरं, पण मुलाला बोलावून दोन गोष्टी सांगायला हव्या होत्या.

* * *

गावडे काका मात्र शनिवार चुकवायचे नाहीत. आणि आम्ही "सुनंदा" सोडायला तयार नाही! कार्ड समोर धरायचं आणि म्हणायचं, "सुनंदा. काका, म्हणा, सु... सुनंदा." तासात शंभरदा! घसा बसायचा माझा. काका कार्डाकडे बघायचे, आमच्याकडे बघायचे, ओठ हलवायचे. काही नाही.

एकदा उठताना त्यांचा गुडघा टेबलाच्या कोपऱ्यावर बसला. जोरात. आणि काका खणखणीत आवाजात म्हणाले, "आवशीचो घोव!"

वीणानं तोंडाला पदर लावला. माझ्या पोटात मात्र आनंद मावेना. असं होतं कधीकधी, विचार करून बोलायचं ते अडकतं आणि सवयीचं निसटून बाहेर येतं. मी म्हटलं, "वीणा, याचं कार्ड करायचं का?"

"चित्र कसलं काढू?" वीणा म्हणाली.

* * *

त्या शिवीवरूनच मला सुचलं. काकांच्या सवयीचं आणखी काय असेल? मी सहज म्हटलं, "काका, मुलुंड चेकनाका..."

काकांची मान ताठ झाली. डावा हात वर गेला, दांडा पकडल्यासारखा. "चेकनाका, सोनापूर, भांडुप, कांजूर, गांधीनगर, विक्रोळी, घाटकोपर!"

एका दमात! एक स्टॉप चुकला नाही. मी खुर्चीतून उडालेच.

मग तोच आमचा धडा झाला. चित्रं बाजूला ठेवली आणि बसचा रूटच घेतला. काका, कुठे राहता? एकदम भांडुप यायचं नाही. गाडी चेकनाक्यावरूनच सुटायची. चेकनाका, सोनापूर, भांडुप, आणि थांबायचे. बरोब्बर उत्तर!

वीणाचं डोकं चाललं. म्हणाली, "आपण घाटकोपरच्या पुढे सुनंदा जोडू. ओघात येऊन जाईल." मला पटलं. आम्ही दोघी काकांबरोबर म्हणायला लागलो. गाडी सुटली. कांजूर, गांधीनगर, विक्रोळी, घाटकोपर, सु...

"लास्ट स्टॉप!" काका ओरडले. "खाली करा! खाली करा!"

पार्टिशनपलीकडून काकूंचं हसू ऐकू आलं. त्यांना एवढं मोठ्यानं हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

आम्ही हटलो नाही. नाव मधे घालून बघितलं. कांजूर, सुनंदा, गांधीनगर. काकांनी आमच्याकडे अशा नजरेनं बघितलं की विचारू नका! बोट नाचवून नाही अशी खूण केली. स्टॉप नसताना गाडी थांबवायची? कोण ऐकून घेणार?

वर्ष असं गेलं. मी रिक्षात बसून स्वतःशी सुनंदा, सुनंदा म्हणायला लागले होते, बोला! नवऱ्यानं विचारलं, ही सुनंदा कोण?

* * *

मार्चमध्ये कळलं की गावड्यांची चाळ पाडायला घेतलीय. टॉवर उभा राहीपर्यंत त्यांचा मुलगा लांब कुठेतरी लहान जागेत राहणार. काका-काकू गावाला जाणार, कायमचे. तिथे कुठली स्पीच थेरपी आणि कुठलं काय.

शेवटच्या शनिवारी काका वर आलेच नाहीत. जिना चढवायला त्या दिवशी कुणी नव्हतं. ते खाली रिक्षात बसले होते आणि काकू एकट्याच वर आल्या, नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन. वीणानं त्यांना आत बसवलं. वर्षभरात पहिल्यांदा त्या पार्टिशनच्या अलीकडे बसल्या.

मला भरून आलं होतं. मी म्हटलं, "काकू, माफ करा हो. सगळा रूट बोलले काका, पण तुमचं नाव काही आलं नाही. फार वाईट वाटतं मला."

काकू काही म्हणणार, तेवढ्यात खालून आवाज आला. खणखणीत.

"गोऽऽ! खंय ऱ्हवलंस?"

काकू खिडकीशी गेल्या, ओरडल्या, "येतंय!" आणि परत येऊन डब्याचं झाकण नीट लावायला लागल्या.

"काकू, काका बोलले!" वीणा किंचाळली.

"माका हाक मारली," काकू म्हणाल्या. "उशीर झाला ना."

"गो म्हणतात तुम्हाला?"

"लग्न झाल्यापासून. नवरा बायकोचा नाव घेता काय आमच्याकडे? त्यांनी माझं नाव आयुष्यात कधी घेतलं नाही."

मी हळूच विचारलं, "आणि आजारानंतर? ही हाक कधीपासून मारतात?"

"हॉस्पिटलातून घरी आणलं, त्याच दिवसापासून. मी स्वैपाकघरात गेले की मारतात. इथे काय, मी पार्टिशनच्या पलीकडेच असायचे, हाक कशाला लागते?"

माझा आवाज चढला. खरं सांगते, चढला. "काकू! मग सांगायचं नाही का? जे नाव त्यांच्या तोंडात कधी नव्हतंच ते वर्षभर शिकवत बसलो आम्ही! त्या वेळात दुसरे शब्द आले असते. दुखतंय आलं असतं, भूक आलं असतं! गावाला काय करणार आता ते?"

काकूंचे डोळे भरले. पदर पुन्हा घट्ट धरला.

"चुकलं माझं," म्हणाल्या. "सांगणारच होते. तुम्ही बाहेर बसायला लावलंत त्याच दिवशी ठरवून आले होते, आज सांगायचं. पण बाकड्यावर बसले, आणि आतून तुम्ही दोघी, सुनंदा, सुनंदा, सुनंदा... आई गेल्यापासून मला कुणी त्या नावानं हाक मारली नव्हती हो. सगळ्यांची काकू, सगळ्यांची वहिनी. म्हटलं, आजचा दिवस ऐकते. पुढच्या शनिवारी सांगेन."